पट्ट्याला जे नेहमीचं वाटलं : करवीर तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

तक्रार

गळ्यात सेन्सरचे पट्टे घालून तीन महिने होत आले होते. गाय माजावर आली, म्हणजे गाभण राहायला तयार झाली, की मोबाईलवर सूचना यायची, म्हशींची मात्र एकही आली नव्हती. पट्टे खराब असतील तर परत करू, नसतील तर तसं सांगा, एवढ्यासाठी मालकांनी जानेवारीत मला बोलावलं. मी पशुवैद्यक आहे, पट्टे दुरुस्त करत नाही. पण भाकड (दूध न देण्याचा) काळ लांबत चाललेल्या म्हशी दावणीला दिसत होत्या आणि त्याचं कारण शोधणं माझंच काम होतं.

गोठा पंचगंगेच्या काठच्या एका गावातला. आठ म्हशी, चार एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई. म्हशींतल्या पाच मुऱ्हा, हरियाणातून आणलेल्या. तीन पंढरपुरी, घरच्या पैदाशीच्या, तलवारीसारख्या लांब शिंगांच्या. कोल्हापुरात म्हशीच्या दुधाला वेगळाच मान आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर आजही लोक समोर धार काढून घेतात, आणि संस्थेत दर ठरतो तो फॅटवर. १९६३ साली गोकुळ दूध संघ उभा राहिला तेव्हापासून गावोगावची घरं या दुधावर चालली आहेत. दहा दिवसांचं बिल घरखर्चाला आणि दिवाळीच्या तोंडावर संघाकडून मिळणारा दरातला फरक मोठ्या खरेदीला, असा इथला हिशेब. या घराने तो फरक पट्ट्यांत घातला होता. ऐपत बघून, विचार करून घातला होता, म्हणून त्यांची निराशा मला हलकी वाटली नाही.

पट्टे घेण्यामागचं कारणही खरं होतं. म्हशीचा माज ओळखणं अवघड. गाय दुसऱ्या गाईवर उडते, उड्या झेलते, सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) लोंबतो. म्हशी एकमेकींवर फारशा उडत नाहीत, सोट कमी असतो आणि बऱ्याचदा ती बसल्यावरच दिसतो, माजाची लक्षणं बहुतेक रात्री किंवा पहाटे दिसतात. याला मुका माज म्हणतात. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. असे तीन-चार हुकले की वेतातलं अंतर वाढतं आणि वैरण, पेंड तेवढीच लागते. त्यातून सप्टेंबर ते फेब्रुवारी हा म्हशी माजावर येण्याचा मुख्य काळ. पट्टे बसले ते नेमके या काळात. अशा वेळी आठातल्या सहा रिकाम्या, म्हणजे गाभण नसलेल्या, म्हशींपैकी एकीचीही सूचना येऊ नये, हे खटकण्यासारखंच होतं.

गोठा

गोठा बघून कुणीही कौतुक केलं असतं. सिमेंटचा कोबा, भिंतींना चुना, गव्हाण घासून लख्ख. सकाळची धार झाली की पाइप लावून धुवायचा, संध्याकाळची धार झाली की पुन्हा धुवायचा. वास नाही, माशी नाही. गाईंची रांग एका बाजूला, म्हशींची दुसऱ्या बाजूला. गाईंखाली जुने रबरी मॅट होते, कधीतरी योजनेत मिळालेले. म्हशींखाली नुसता कोबा. म्हशींच्या बाजूचा उतार नीट नव्हता, मागच्या पायांपाशी पाणी साचत होतं. संध्याकाळी सात वाजता धुतलेली जमीन थंडीत मध्यरात्रीपर्यंत सुकत नव्हती.

दावं किती लांब आहे ते मी हाताने मोजलं. म्हशींचं दावं जेमतेम दीड हात. गाईंचं त्याच्या दुपटीने.

एवढं आखूड का, असं विचारल्यावर जे कळलं त्यावर या प्रकरणाचा सगळा भार आहे. पट्टे घातल्यावर पहिल्याच आठवड्यात एका पंढरपुरी म्हशीने शेजारणीच्या पट्ट्यात शिंग अडकवून तो तोडला. दुसऱ्या एकीचा पट्टा गव्हाणीवर घासून निघाला. महागाची वस्तू. पुरवठा करणाऱ्या माणसाने फोनवर सांगितलं, जनावरं जवळ बांधा म्हणजे एकमेकींच्या पट्ट्यापर्यंत पोचणार नाहीत. मालकांनी त्याच दिवशी आठही दावी आखडली. गाईंना शिंगं नव्हती, त्यांची दावी तशीच राहिली.

मी विचारलं, रात्री म्हशी बसतात का. मालक म्हणाले, बसतात की. त्यांच्या आई वैरणीच्या पेंढ्या सोडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "कुठल्या बसत्यात? कवा बी उठून बघा, हुब्याच. ती कडंची तर बसायला म्हणून वाकती, परत सरळ हुती. चारदा वाकती. मग न्हाईच बसत."

आजींनी सांगितलेलं हे वाकणं नुसतं ऐकून सोडण्यासारखं नाही. म्हैस किंवा गाय बसताना आधी जमीन हुंगते, डोकं एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवते, एक गुडघा वाकवते आणि मग पुढचा भार खाली सोडते. जागेवर भरवसा नसेल तर गुडघा वाकवून पुन्हा उभी राहते. उठताना तर आणखी जागा लागते. मागचा भाग आधी उचलायचा म्हणून ती डोकं पुढे झोकते. दावं आखूड आणि समोर गव्हाणीची उंच भिंत असेल तर ते झोकणं होत नाही, आणि खाली ओला कोबा असेल तर मागचे पाय सरकतात. दोन-तीनदा असं झालं की जनावर बसायलाच भितं. त्या कडेच्या म्हशीच्या पुढच्या गुडघ्यांवर घट्टे होते, एका ढोपरावर सूज होती. आणखी दोघींच्या मागच्या सांध्यांवरचे केस झिजले होते.

म्हशीला पाण्याची आवड, मग ओल्या जमिनीचं तिला काय, असं मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, रंग काळा, म्हणून उन्हात ती अंग गार करायला डोहात किंवा चिखलात लोळते. चिखल मऊ असतो, अंगाखाली बसतो, आणि वेळ दुपारची असते. जानेवारीच्या रात्रीचा ओला, कडक, निसरडा कोबा हे त्याच्या जवळपासही जाणारं नाही.

पट्टा काय मोजतो

गळ्यातल्या पट्ट्यात तीन दिशांची हालचाल टिपणारा छोटा सेन्सर असतो, त्याला अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतात. पूर्वीच्या काही पट्ट्यांत रवंथाचा आवाज ऐकणारा मायक्रोफोनही असे. रवंथाला स्वतःची लय आहे: पोटातून गोळा वर येतो, मिनिटभर पन्नास-साठ वेळा चघळला जातो, गिळला जातो, काही सेकंद थांबून पुढचा येतो. ही लय चरण्याच्या किंवा मान हलवण्याच्या हालचालीपेक्षा वेगळी असल्यामुळे यंत्राला ओळखता येते. दिवसाला सात-आठ तास रवंथ हे निरोगी दुभत्या गाईचं साधारण मान. माजासाठी यंत्र दोन गोष्टी बघतं, हालचाल वाढली का आणि रवंथ घटला का. माजावरची गाय जास्त चालते हे पायाला पेडोमीटर बांधून अमेरिकेत १९७७ सालीच मोजून प्रसिद्ध झालं होतं. आजची बहुतेक साधनं त्याच पायावर उभी आहेत.

इथेच दोन अडचणी येतात. पहिली लगेच कळते. दीड हात दाव्याला बांधलेली म्हैस माजावर आली तरी चालणार कुठे? जास्तीत जास्त पाय बदलेल, मान हलवेल, बारीक आरडेल. ही साधनं मुख्यतः मोकळ्या गोठ्यातल्या होल्स्टिन गाईंवर तयार झाली आहेत. दावणीच्या जनावरात, त्यातही मुक्या माजाच्या म्हशीत, त्यांची नजर मंद होणारच. पट्टे विकताना हे सांगितलं गेलं नव्हतं.

दुसरी अडचण खोलवरची आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. यंत्राला चांगलं-वाईट कळत नाही, त्याला फक्त फरक कळतो. पट्टा घातल्यावर पहिले काही दिवस ते त्या जनावराची सरासरी शिकतं: इतका रवंथ, इतकी हालचाल, इतकी विश्रांती. पुढे रोजचा आकडा त्या सरासरीशी ताडून बघतं, आणि सरासरीही रोज थोडी पुढे सरकत राहते. एखाद्या दिवशी मोठा फरक पडला की सूचना. आता या गोठ्यात काय झालं बघा. शिकण्याच्या पहिल्याच आठवड्यात दावी आखडली गेली. रात्रभर उभं राहणं, तुटक रवंथ, मोजकी हालचाल हेच आठही म्हशींचं नेहमीचं जगणं म्हणून नोंदलं गेलं. त्यानंतर रोज तेच घडत होतं, म्हणजे यंत्राच्या हिशेबात काही बिघडलंच नव्हतं. मोबाईलवर आठही नावांपुढे हिरवी खूण होती. मालकांनी ती मला दाखवली आणि म्हणाले, "तब्येतीचं सगळं बरोबर दाखवतंय बघा, फक्त माजाचं तेवढं चुकतंय."

पायातला सेन्सर

मानेच्या पट्ट्यावरून जनावर उभं आहे की बसलेलं, हे खात्रीने सांगणं कठीण असतं, दोन्ही वेळा मान तशीच असू शकते. त्यासाठी सेन्सर पायात हवा. गुरुत्वाकर्षण नेहमी खालीच ओढतं, म्हणून उभ्या जनावराच्या नळीवर बांधलेला सेन्सर ते एका दिशेत दाखवतो आणि बसल्यावर पाय आडवा झाला की दुसऱ्या दिशेत. यात अंदाज नाही, सरळ भूमिती आहे. ओळखीच्या एका सहकाऱ्याकडून पायाचे सेन्सर मागून आणले आणि तीन म्हशी, दोन गाई अशा पाच जनावरांच्या मागच्या पायात बांधले.

आठवड्याने आकडे उतरवून घेतले. गाई दिवसाला अकरा तासांच्या आसपास बसत होत्या. दुभत्या गाईला दहा ते बारा तास बसायला मिळावं असं मानतात, म्हणजे त्यांचं ठीक होतं. तिन्ही म्हशी सात तासांच्या आत होत्या, आणि आजींनी सांगितलेली कडेची म्हैस सगळ्यांत कमी. त्याहून बोलकं होतं ते बसण्याच्या वेळांचं स्वरूप. गाई दिवसातून नऊ-दहा वेळा बसत-उठत होत्या. म्हशी दोन-तीनदाच बसत होत्या, आणि एकदा बसल्या की खूप वेळ उठत नव्हत्या. उठणं त्रासाचं असलं की असं होतं.

बसणं ही चैनीची गोष्ट आहे असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. म्हैस उभी असली तर बिघडलं काय, खाते-पिते, दूध देते. पण खाणं आणि बसणं दोन्ही तोडून ठेवलं तर गाय आधी बसून घेते, मग खाते, असं प्रयोगांत दिसलं आहे. बसल्यावर कासेकडे जाणारं रक्त वाढतं, खुरांवरचा भार उतरतो आणि रवंथ शांतपणे होतो. पट्ट्यांचे जुने आलेख पुन्हा उघडून बघितले तेव्हा म्हशींच्या रवंथाची बेरीज फार कमी नव्हती, पण रात्री तो तुकड्या-तुकड्यांत होता. गाईंच्या आलेखात मध्यरात्री ते पहाटेपर्यंत रवंथाच्या सलग रेघा दिसत होत्या. हा फरक तीन महिने मोबाईलमध्ये पडून होता. म्हशींचा आलेख गाईंच्या आलेखाशेजारी ठेवून कुणी बघितला नव्हता, कारण ॲपमध्ये एका वेळी एकच जनावर दिसतं.

जनावरांच्या कल्याणाचा विचार पाठ्यपुस्तकांत पाच स्वातंत्र्यांपासून सुरू होतो. त्याचं मूळ ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल समितीच्या १९६५ सालच्या अहवालात आहे. त्यात जे मागितलं होतं ते अगदी साधं होतं: जनावराला उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग चाटता यावं, पाय ताणता यावेत. आपल्या १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातही, कलम ११ मध्ये, अवाजवी आखूड दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा धरला आहे. मी हे मालकांना धाक घालायला सांगितलं नाही. या घराने म्हशींना कधी काठी लावलेली नाही. पण इतकी जुनी आणि इतकी साधी गोष्ट नव्या यंत्रापायीच हातातून निसटू शकते, हे त्यांनी समजून घ्यावं एवढ्यासाठी सांगितलं.

वादावादी

पुढे काय करायचं यावर घरात एकमत नव्हतं. मुलाला लगेच मुक्त संचार गोठा करायचा होता. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे, व्हिडिओ बघितलेले, आराखडा कागदावर तयार. मालकांचा विरोध होता आणि तोही बिनबुडाचा नव्हता. पंढरपुरीची शिंगं लांब, मोकळ्या सोडल्या की मुऱ्हांना फाडतील. मागच्या परड्यात जागा आहे, पण तिथे गाळप हंगामात उसाचं वाडं (शेंड्याकडचा हिरवा पाला) रचलेलं असतं. आणि काठावरचं गाव, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्हीदा पुरात जनावरं हलवावी लागली होती; पक्कं बांधकाम वाढवायची त्यांना भीती होती.

शेवटी ठरलं ते मधलं. दावी पुन्हा पहिल्यासारखी लांब केली. पंढरपुरी तीन एका टोकाला, मुऱ्हा दुसऱ्या टोकाला, मध्ये एक बांबूची आडवी, म्हणजे शिंग पट्ट्यापर्यंत जाणार नाही. पट्टे वाचवायचे तर जागेची मांडणी बदलायची, दावं आखडायचं नाही, हे पुरवठादाराच्या माणसालाही फोनवर सांगितलं. संध्याकाळचं धुणं बंद. संध्याकाळी नुसतं शेण ओढून काढायचं, भुसा पसरायचा, पाइप फक्त सकाळी. हे मालकांच्या पत्नीला सगळ्यांत जड गेलं. रात्री गोठा अस्वच्छ दिसतो, पाहुणे आले तर काय म्हणतील, हे त्या दोनदा बोलल्या. त्यांचे कष्ट त्या स्वच्छतेत होते. मी त्यांना संध्याकाळी धुतलेल्या जागेवर आणि कोरड्या जागेवर अनवाणी उभं राहून बघायला सांगितलं, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाइप लावला नाही. म्हशींखाली मॅट टप्प्याटप्प्याने घ्यायचे ठरले, आधी कडेच्या दोघींखाली. परड्यातलं वाडं एका कडेला सरकवून दुपारी तीन-चार तास म्हशी गटागटाने मोकळ्या सोडायच्या, पंढरपुरी वेगळ्या वेळी.

वाड्याबद्दल थोडं इथेच लिहितो. हंगामात वाडं फुकट किंवा फुकटासारखं मिळतं म्हणून वैरण पूर्ण त्यावर नेली जाते. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं, आणि दूध देणाऱ्या किंवा नुकत्याच व्यालेल्या जनावराला त्याचीच गरज जास्त असते. या गोठ्यात डिसेंबरच्या मध्यात एकाच आठवड्यात वैरण बदलली तेव्हा बाराही जनावरांच्या रवंथाची सूचना एकाच वेळी आली होती. पट्ट्यांनी तेव्हा काम चोख केलं होतं. घरच्यांनी मात्र यंत्र बिघडलं असं समजून सूचनांचा आवाजच बंद करून ठेवला. सगळ्या जनावरांची एकदम सूचना आली तर आधी गव्हाणीत बघायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आता वाडं, कडबा आणि हिरवी वैरण मिसळून देतात आणि मिनरल मिक्श्चर रोज.

मोबाईल कुणाकडे

सूचना यायच्या त्या मुलाच्या फोनवर. तो पाळीत असला की फोन लॉकरमध्ये. गाईंच्या ज्या माजाच्या सूचना आल्या त्यांतल्याही दोन याच कारणाने हुकल्या होत्या. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं (रेतन करायचं), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा आपला जुना नियम बारा तासांवर चालतो, आणि पाळी आठ तासांची असते. येण्या-जाण्याचा वेळ धरला की संपलंच.

गोठ्यात दिवसभर असतात त्या सासू-सुना, म्हणजे मालकांच्या आई आणि पत्नी. माज ओळखतात त्या, पान्हा चोरला, म्हणजे दूध पूर्ण सोडलं नाही, हे धारेवर कळतं ते सुनेला, आणि ॲप त्यांच्यापैकी कुणाच्याच फोनवर नव्हतं. अशी मांडणी मी अनेक घरांत बघतो आणि मला ती अजिबात पटत नाही. ज्यांचा हात रोज जनावराला लागतो त्यांच्याकडे माहिती गेली पाहिजे. मुलाने आईच्या फोनवर ॲप घातलं, भाषा मराठी केली, आणि भिंतीवर एक वही टांगली. सूचना आली की वेळ लिहायची आणि शेजारी स्वतः काय दिसलं ते लिहायचं: आरडली, लघवी सारखी केली, पान्हा सोडला नाही, सोट दिसला, काहीच दिसलं नाही. या वहीने पुढे पट्ट्याइतकीच माहिती दिली.

बदलानंतर

पहिले दहा-बारा दिवस गोंधळाचे गेले. म्हशी हलू लागल्या, परड्यात चालू लागल्या, आणि जुन्या सरासरीच्या हिशेबाने यंत्राला सगळ्याच एकदम माजावर आल्यासारख्या वाटल्या. सूचनांवर सूचना. मालक पुन्हा पट्टे काढायच्या विचारात. पुरवठादाराला सांगून म्हशींच्या सरासऱ्या नव्याने शिकायला लावल्या आणि तोवर सूचनांकडे बघू नका असं सांगितलं. मोठा बदल केला की हे करावंच लागतं, जागा बदलली, गट बदलला, जनावर व्यालं, तरी.

पायाच्या सेन्सरची दुसरी फेरी महिन्याभराने केली. ज्या दोघींखाली मॅट आले त्या दहा तासांच्या पुढे बसू लागल्या होत्या. तिसरी, नुसत्या कोरड्या कोब्यावरची, नऊच्या आसपास. कडेच्या म्हशीच्या ढोपराची सूज उतरली होती, घट्टे तसेच होते, ते लवकर जात नाहीत. दिवसातून बसण्याच्या वेळा सगळ्यांच्याच वाढल्या होत्या.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सहा रिकाम्या म्हशींपैकी चौघींच्या माजाच्या सूचना आल्या. त्यांतल्या तीन आजींच्या नोंदीशी जुळल्या, एकीबाबत वहीत काहीच नव्हतं पण तपासल्यावर गर्भाशय ताठ होतं, सोट होता, ती भरवली. पाचवीची सूचना आलीच नाही. तिच्या आलेखात फक्त रवंथाची छोटी घट होती आणि त्याच सकाळी सुनेने वहीत लिहिलं होतं, पान्हा चोरला. दोन्ही जोडून बघितलं म्हणून ती हुकली नाही. सहावीबाबत काहीच हाती लागलं नाही.

दूध वाढलं का, हे मला सगळेच विचारतात. संस्थेच्या पावत्यांवरून थोडं वाढलेलं दिसतं, पण त्याच काळात वैरणही बदलली, एक गाय व्याली, आणि उन्हाळा आला. बसण्यामुळे इतकं वाढलं असं सांगणं खोटं ठरेल. सड आणि कास बघितली तर दगडीच्या (कासेच्या सुजेच्या) तक्रारी या काळात कमी होत्या, तेही मी एका हंगामावरून पुढे ओढणार नाही.

त्या व्यालेल्या गाईची गोष्ट मात्र सांगायला हवी. व्यायच्या दिवशी रवंथ घटतो, तो सगळ्यांचाच घटतो, आणि पुढच्या काही दिवसांत भरून येतो. हिचा भरून येईना. खात होती, दूध देत होती, ताप नव्हता, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे सूचना आली ती सुनेच्या फोनवर, आणि तिने मला फोन केला. लघवीची पट्टी लावली तर किटोन. किटोसिसची, म्हणजे व्याल्यावर ऊर्जा कमी पडून होणाऱ्या आजाराची, सुरुवात होती, दूध उतरायच्या आधीच उपचार झाले. हे काम पट्टा उत्तम करतो, कारण इथे जनावराची आजची स्थिती तिच्याच कालच्या चांगल्या स्थितीशी ताडायची असते. कालची स्थिती चांगली होती का, हे मात्र पट्टा घालण्याआधी माणसाने बघायचं असतं. माझ्या मते पट्टा गळ्यात जाण्याआधी आठवडाभर पायाचे सेन्सर बांधून बसण्याचे तास मोजावेत, सेन्सर नसतील तर रात्री दोन वेळा उठून किती जनावरं बसली आहेत ते मोजावं. दुभत्या जनावरांतली निम्म्याहून जास्त मध्यरात्री उभी असतील तर पट्ट्यावर पैसे घालण्याआधी जमीन आणि दावं बघावं.

पट्ट्याचाही त्रास होतो हे लक्षात ठेवावं लागतं. सेन्सर मानेच्या एका बाजूला राहावा म्हणून खाली वजन असतं. दाव्याचं वेगळं, घुंगराच्या माळेचं वेगळं, असं सगळं एकाच मानेवर आलं की कातडी घासते. दोन म्हशींच्या मानेखाली ओले चट्टे होते. तळहात सरकेल इतका सैल पट्टा, आठवड्याला एकदा उलटून बघणं, आणि दावं मानेऐवजी म्होरकीला (तोंडावरच्या दोरीला), एवढं केल्यावर ते बरे झाले.

आजची स्थिती

भरवलेल्या पाचातल्या तीन गाभण असल्याचं तपासणीत नक्की झालं आहे. दोन उलटल्या, म्हणजे गाभण राहिल्या नाहीत, त्या पुन्हा भरवायच्या आहेत. बाकीच्या म्हशींखालचे मॅट येणाऱ्या फरकातून घ्यायचे ठरलं आहे. परड्याला उतार काढून मुरूम टाकायचं काम पावसाआधी उरकायचं होतं, ते अर्धं झालं. पावसाळ्यात म्हशी परड्यात सोडता येणार नाहीत, म्हणजे त्या दिवसांत हालचालीवरच्या माजाच्या सूचनांवर पुन्हा भरवसा कमी ठेवावा लागेल आणि वहीवर जास्त; हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. सहावी म्हैस पंढरपुरी आहे, तिच्या अंडाशयाची तपासणी करायची आहे, कारण तिचा माज मुका आहे की ती माजावरच येत नाही, हे कुठल्याच पट्ट्यावरून कळणार नाही.